शाळेत ‘सुरक्षित स्पर्श’चा तास लागणार आहे? कोकणातल्या पालकांनी काय विचारायचं, घरी काय करायचं

शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो: शनिवारी पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ‘सुरक्षित-असुरक्षित स्पर्श’ या विषयावर मार्गदर्शन आहे. खाली दोन-चार अंगठे पडतात आणि ग्रुप गप्प होतो. खरी चर्चा विहिरीवर होते, रिक्षा स्टँडवर होते, संध्याकाळी मासळी घ्यायला गेल्यावर होते. आमच्या वाडीतल्या शाळेत हा तास पहिल्यांदा ठरला तेव्हा मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. मास्तरांची अडचण मला कळत होती आणि पालकांची भीतीही, कारण माझंही मूल त्याच वर्गात होतं. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहिते आहे. अंगणवाडीपासून चौथीपर्यंतच्या मुलांचे आईबाबा डोळ्यासमोर आहेत. मोठ्या मुलांशी बोलायची तऱ्हा वेगळी, ती इथे नाही.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. शाळेतला तास पाऊण तासाचा असतो. त्यात मुलाला ‘नको म्हण’ असं शिकवलं आणि घरी आल्यावर मुलाच्या ‘नको’ला कोणी भीक घातली नाही, तर तो पाऊण तास फुकट गेला.

१. आधी शंका उघड बोला

तासाच्या आधी फक्त पालकांची सभा घ्यायला सांगा. शक्यतो संध्याकाळी, म्हणजे बागेत, होडीवर किंवा मजुरीवर जाणारे बाबाही येतील. आमच्या सभेला आज्याही आल्या. एक म्हणाली, “इतक्या ल्हान पोरांका असला कशाक शिकवतास?” दुसरीने री ओढली, “आमच्या टायमाक असला काय नाय होता.” मागे भिंतीला टेकून बसलेली तिसरी एवढंच म्हणाली, “होता गो. सांगाक कोण नाय होता.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही, आणि नंतर मात्र सगळे मोकळे झाले.

ज्या शंका हमखास निघतात त्या या.

*मुलांचा निरागसपणा जाईल.* सहा-सात वर्षांच्या मुलांना वर्गात काय सांगतात ते आधी समजून घ्या. चड्डीच्या आतले भाग तुझे खासगी आहेत. ते कोणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही आणि स्वतःचे दाखवायचे किंवा तुला हात लावायला सांगायचं नाही. तसं झालं तर नको म्हण, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. बाळ कसं होतं वगैरे यात काही नसतं. आपल्याकडे मूल चालायला लागलं की विहिरीच्या कठड्यापाशी जायचं नाही हे आपण बजावतोच, बुडून माणूस कसा मरतो याचं वर्णन न करता. हे तसंच.

*मूल घरच्या माणसांवर संशय घ्यायला लागेल.* ही शंका सगळ्यात खोल, आणि तिचं उत्तर गोड नाही. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी वर्षानुवर्षं हेच सांगते की आरोपी दहापैकी नऊहून अधिक वेळा मुलाच्या ओळखीचा असतो: शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. त्यामुळे ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढ्यावर थांबलो तर जिथून धोका जास्त तिकडेच पाठ फिरवल्यासारखं होतं. पण म्हणून मुलाला माणसांची यादी द्यायची नसते. नियम माणसाबद्दल नसतो, कृतीबद्दल असतो. ‘अमुक काकांपासून सांभाळ’ असं कधी म्हणू नका. ‘असं कोणीही केलं, अगदी आपल्यातल्या कोणी केलं, तरी मला सांग’ एवढं म्हणा. यातून मूल कोणाला घाबरायला लागत नाही. आमच्या वर्गातली मुलं दुसऱ्या दिवशीही पूर्वीसारखीच काकाच्या मानेवर बसून देवळात गेली.

*मुलींना शिकवा, मुलग्यांना कशाला?* केंद्र सरकारच्या महिला व बाल विकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालशोषणावरचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लैंगिक शोषण झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी भेद करत नाही, अठरा वर्षांखालचं कोणतंही मूल त्यात येतं. फक्त मुलींना वेगळ्या खोलीत बसवून तास घेणार असतील तर सरळ हरकत घ्या.

*मास्तर पुरुष आहेत, ते कसे शिकवणार?* द्विशिक्षकी शाळांत ही अडचण खरी आहे. आमच्याकडे अंगणवाडी सेविका आणि आशाताई वर्गात बसल्या आणि मास्तरांनाच हायसं वाटलं. वर्गात दोन मोठी माणसं आणि दार उघडं, एवढी अट घाला. पुरुष आहेत म्हणून मास्तरांकडे तिरक्या नजरेने बघू नका, त्याने तास होणारच नाही.

*एखादं मूल खोटंच काहीतरी बोललं तर?* एवढ्या लहान मुलाला अशा गोष्टींचे बारकावे मनाने रचता येत नाहीत, ते कुठूनतरी आलेले असतात. खरं काय ते शोधणं तपास यंत्रणेचं काम. कायद्याने मुलाला खोट्या तक्रारीसाठी शिक्षा होत नाही आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्या मोठ्या माणसालाही संरक्षण आहे.

२. शाळेकडून हे मागून घ्या

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हा ‘शाळेला कोण विचारणार’ हा प्रश्नच नाही. विचारणारे आपणच. खासगी विनाअनुदानित शाळा असेल तर पालक-शिक्षक संघामार्फत विचारा. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या, पोच घ्या आणि हे मागा:

- तासात काय शिकवणार याचा एक पानी आराखडा, इयत्तेप्रमाणे वेगळा
- दाखवणार असतील ती चित्रं किंवा व्हिडिओ, पालकसभेत आधी बघायला
- बाहेरून कोणी येणार असेल तर संस्थेचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि पोलिस चारित्र्य पडताळणी
- तासाला कोणते दोन शिक्षक किंवा सेविका हजर राहणार त्यांची नावं
- मुलाने तासानंतर काही सांगितलं तर शाळेत कोणाकडे जायचं, त्या व्यक्तीचं नाव
- शाळेच्या सखी सावित्री समितीच्या सदस्यांची यादी

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं. मुलांच्या सुरक्षेसाठीची ही समिती प्रत्येक शाळेत स्थापन करण्याचा शासन निर्णय २०२२ चा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर शासनाने तक्रार पेटी, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि या समितीबद्दल पुन्हा कडक सूचना काढल्या. बऱ्याच शाळांत समितीचा फलक असतो, पण त्यावरच्या सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे माहीत नसतं. यादीतल्या एखादीला फोन करून बघा, लगेच कळेल. तक्रार पेटीचंही तसंच. ती मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगली असेल तर पहिलीतलं मूल तिथे जाऊन चिठ्ठी टाकेल कसं? आणि पहिलीतल्या मुलाला चिठ्ठी लिहिता येते का, हाही एक प्रश्न. लहानांसाठी पेटीपेक्षा माणूस हवा.

आराखडा बघताना दोन गोष्टी तपासा. पहिली, ‘वाईट स्पर्श म्हणजे जो दुखतो’ एवढंच शिकवणार असतील तर ते अपुरं आहे. गोंजारणं दुखत नाही. उलट डॉक्टरांची सुई दुखते आणि ती सुरक्षित असते. ओळख दुखण्यावरून नाही, जागेवरून आणि ‘कोणाला सांगू नको’ या वाक्यावरून करायची. दुसरी, मूल ओरडलं नाही, पळालं नाही, तरी चूक त्याची नाही हे वाक्य आराखड्यात हवंच. पुष्कळ मुलं अशा वेळी थिजून जातात.

३. तासाच्या आधी घरी

हे काम आंघोळीच्या वेळी होतं, त्यासाठी मुलाला समोर बसवून प्रवचन द्यावं लागत नाही. न्हाणीत साबण लावताना हात, गुडघा, पाठ म्हणतो तशाच सुरात ‘ही शिश्नाची जागा’, ‘ही योनीची जागा’, ‘ही शीची जागा’ म्हणा. पहिले दोन दिवस आपल्याच तोंडाला जड जातं. तोंड वळत नसेल तर घरातला साधा शब्द चालेल, पण तो मास्तरीणबाईंना आणि डॉक्टरांनाही समजेल असा असावा. घरोघरी लाडाची टोपणनावं असतात, ती बाहेरच्याला कळत नाहीत, आणि मूल काहीतरी सांगत होतं हेच मग लक्षात येत नाही.

चार-पाच वर्षांचं झालं की खासगी भाग त्याचे त्याला धुवायला द्या. अंगणात, नळावर, चारचौघांत नागडं करून आंघोळ घालणं याच वयात बंद करा. मूल लाजायला लागलं तर ‘एवढासा तर आहेस, तुला कसली लाज’ म्हणून हसू नका. ती लाज त्याच्या कामाची आहे.

मग मुलाला विचारा: तुला काही झालं तर कोणाला सांगशील? हाताच्या पाच बोटांवर पाच माणसं मोजायला लावा. नावं त्याला निवडू द्या, तुम्ही सुचवू नका. निदान एक बोट घराबाहेरचं असू दे, शाळेतल्या बाई किंवा शेजारची काकू. बाबांचं नाव नाही आलं तर बाबांनी रुसायचं नाही. (आमच्याकडे एका बाबांनी दोन दिवस तोंड फुगवलं होतं.)

४. गुपिताचा नियम

सगळ्या नियमांत हा नियम मुलांना सगळ्यात लवकर कळतो आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. असं काही करणारा माणूस बहुतेकदा मुलाला पहिल्या दिवशी हात लावत नाही. तो आधी छोटी छोटी गुपितं करतो. आईला न सांगता कुल्फी देतो, मोबाईलवर गेम खेळू देतो, ‘आपलं दोघांचंच हां’ म्हणतो. मूल गुपित ठेवतं की नाही हे तो बघत असतो.

म्हणून घरात साधा नियम करा: मोठ्या माणसाबरोबरचं गुपित आपल्या घरात नाही. गंमत चालेल. बाबांच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, कारण ती संध्याकाळी सगळ्यांना कळणार असते. जी गोष्ट कधीच कोणाला सांगायची नाही असं कोणी म्हणतं, ती आईला सांगायची.

इथे मोठी माणसंच नियम मोडतात. ‘बाबांना सांगू नको हां, मी तुला पन्नास रुपये दिले’ हे आजोबा प्रेमाने म्हणतात. त्यांना बाजूला घेऊन समजवा. पैसे द्या म्हणावं, लपवू नका.

मुलाने गुपित फोडलं की त्याला ओरडायचं नाही, मग त्यात त्याने चार आइस्क्रीम खाल्लेली असली तरी. पहिल्यांदा खरं सांगितल्यावर काय होतं यावरून मूल दुसऱ्यांदा सांगायचं की नाही ते ठरवतं.

५. गणपती, शिमगा आणि भरलेलं घर

हा भाग शहरातल्या कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही आणि आपल्याला तोच लागतो. एरवी चार माणसांचं घर चतुर्थीला वीस-पंचवीस जणांचं होतं. मुंबईहून चाकरमानी येतात, त्यांचे मित्र येतात, रात्री भजनाची मंडळी येतात, पडवीत पत्ते रंगतात. मुलं या खांद्यावरून त्या खांद्यावर फिरत असतात. हे सगळं छानच आहे आणि ते कमी करा असं मी म्हणत नाही. सोय मात्र आधी लावायची.

झोपण्याची सोय दिवे घालवायच्या आधी ठरवा. माजघरात गोधड्या पसरल्या की जो जिथे आडवा होईल तिथे, ही आपली रीत. लहान मुलं आईबाबांच्या नाहीतर आजीच्या लगतच झोपतील आणि मोठे पुतणे-भाचे-पाहुणे पुरुष वेगळ्या खोलीत किंवा पडवीत, हे यजमानीणबाईंनीच जाहीर करायचं. कोणावर बोट न ठेवता सरसकट सांगितलं की कोणाला लागत नाही. घरात वयाने थोडा मोठा आतेभाऊ-मामेभाऊ असेल तर त्यालाही हेच. त्याच्यावर संशय म्हणून नव्हे, तोही मूलच आहे आणि त्यालाही जपायचंय.

आता पापीचा प्रश्न. मुंबईचे काका पायरीवर बॅग ठेवून हात पसरतात, “ये, पापी दे बघू, तरच चॉकलेट!” पोरगी आईच्या मागे सरकते. अशा वेळी सगळं घर एका सुरात म्हणतं, “दे गो, काका एवढ्या लांबून आलेत.” शनिवारच्या तासात शिकलेलं ‘नको’ इथे त्या पायरीवर मोडतं. माझ्या घरी मी एक तोडगा काढला आहे. मी आधीच म्हणते, “काकांना नमस्कार करणार की टाळी देणार?” दोनपैकी एक तिने निवडायचं. मान राखला जातो, पापी टळते. काका नाराज झाले तर ती माझी गोष्ट, मी त्यांच्याशी नंतर चहा देताना बोलते. पोरीला त्यात ओढायचं नाही. गुदगुल्यांचंही तेच. मूल हसत असतं म्हणून ते चालू ठेवायचं नसतं, ‘पुरे’ म्हटलं की हात थांबले पाहिजेत.

जत्रा आणि दशावतार. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, मुलं मांडवात चटईवर झोपून जातात आणि आपण गजालींत रमतो. मूल लघवीला उठलं तर सोबत कोण जाणार ते ठरवून ठेवा, ‘कोणीतरी जाईल’ असं नको. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हाही अंधार आणि गर्दी दोन्ही असतात. गर्दीत मूल चुकलं तर कुठे उभं राहायचं, ती जागा दिवसाउजेडी दाखवून ठेवा: देवळाची दीपमाळ, प्रसादाचं टेबल, काहीही चालेल.

६. शाळेची वाट, रिक्षा, होमस्टे

पाणंदीने, साकवावरून चालत जाणारी मुलं चार-पाच जणांच्या घोळक्यात जाऊ द्यात. वाटेवर बंद घर किंवा आंबा-काजूच्या बागेतला मांगर असेल तर ‘तिथे आंबे वेचायला एकट्याने शिरायचं नाही’ हे स्पष्ट सांगा. रिक्षावाल्या मामांचं नाव, गाडी नंबर आणि परवान्याची प्रत चार पालकांनी मिळून मागा. चांगल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. सगळ्यात शेवटी कोणतं मूल उतरतं तेही बघा आणि ते दर महिन्याला बदलता आलं तर बदला.

किनाऱ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पाहुण्यांना चहा, टॉवेल नेऊन द्यायला मुलांना खोलीत पाठवू नका. पर्यटक कौतुकाने मुलांचे फोटो काढतात, विशेषतः समुद्रात डुंबताना. ‘आईला विचारा’ हे उत्तर मुलाला पाठ करून ठेवा. मोबाईल मुलाच्या हातात असेल तर तो पडवीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

७. तासाच्या दिवशी

मूल घरी आलं की ‘काय शिकवलं, सांग सांग’ म्हणून मागे लागू नका. जेवताना सहज विषय काढा. आमच्याकडे वर्गात माणसाची आकृती काढलेले कागद दिले होते, खासगी जागा लाल रंगाने रंगवायच्या. एका पोराने तोंडही लाल केलं होतं. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाला, “माझ्या तोंडाला कोणी हात लावलेला मला नको.” बाईंनी ते बरोबर धरलं, आणि मला त्या बाई तिथेच आवडल्या. तो कागद जपून ठेवा, पुढे बोलायला उपयोगी पडतो.

पुढचे आठ-दहा दिवस मूल चित्रविचित्र प्रश्न विचारेल, भर पाहुण्यांत नवे शब्दही म्हणून दाखवेल. हसू नका, दटावूही नका. ‘बरोबर आहे, ते आपण घरात बोलतो’ एवढं पुरे.

८. मुलाने काही सांगितलं तर

आधी घरात करायचं:

- आवाज शांत ठेवा. ‘मला सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.’ हीच दोन वाक्यं.
- खोदून विचारू नका. ‘त्याने असं केलं का, तसं केलं का’ हे तर मुळीच नको. ‘मग काय झालं?’ एवढंच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख आणि वेळ टाकून लिहून ठेवा.
- घटना नुकतीच असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही.
- त्या माणसाला जाब विचारायला धावू नका. तो सावध होतो आणि मुलावर दबाव येतो.
- भावकीची बैठक, गावकीचा निवाडा, देवाला गाऱ्हाणं घालून मिटवणं, यातलं काही नको. देवावर श्रद्धा असू द्या, पण आधी फोन.

फोन करायचा तो १०९८ वर, ही मुलांसाठीची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन. तातडीचं असेल तर ११२. पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात काही गोष्टी मुलाच्या बाजूने स्पष्ट लिहिल्या आहेत. त्या पाठ असू द्यात, कारण ठाण्यात गेल्यावर डोकं चालत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना. त्या वेळी आईबाबा किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस सोबत असतं. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून तातडीचे उपचार अडवता येत नाहीत. कणकवली, सावंतवाडीसारख्या उपजिल्हा रुग्णालयात निघण्याआधी महिला डॉक्टर हजर आहेत का हे फोनवर विचारून घ्या. वैद्यकीय पुराव्यासाठी पहिले ७२ तास मोलाचे असतात, पण त्यापेक्षा उशीर झाला म्हणून जायचं टाळू नका. तक्रारीला मुदत नाही.

सोबत न्यायचे कागद: मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला (वयाचा पुरावा), तुमचं आधार कार्ड, लिहून ठेवलेले मुलाचे शब्द, कपड्यांची पिशवी, मुलाचा एक जादा कपड्यांचा जोड. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. घटना दुसऱ्या हद्दीतली म्हणून परत पाठवायला लागले तर झिरो एफआयआर म्हणा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवावा लागतो. पोलिसांनी चोवीस तासांत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. या समितीकडून मुलासोबत सगळीकडे येणारी सहायक व्यक्ती मागून घ्या.

शाळेला कळलं आणि शाळा ‘नाव खराब होईल’ म्हणू लागली तर त्यांना शांतपणे सांगा की माहिती दडवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवली तर एक वर्षापर्यंत. हेच बंधन आपल्यालाही लागू आहे. तसंच, मुलाचं नाव, फोटो, वाडीचं नाव ग्रुपवर टाकणं हाही गुन्हा. सहानुभूतीने टाकलं तरी.

९. दर वर्षी नव्याने

एकदा तास झाला की विषय संपला असं शाळा धरून चालते. पहिलीत ऐकलेलं तिसरीपर्यंत पुसलं जातं. समितीच्या जूनच्या बैठकीतच ठराव करून घ्या की तास दर वर्षी होईल, आणि तो गणपतीच्या सुट्टीआधी होईल. मधल्या काळात नवीन शिक्षक, स्वयंपाकी, शिपाई, रिक्षावाले, खेळाचे प्रशिक्षक, कोणीही आलं की त्यांची पडताळणी झाली का हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. इतिवृत्ताची झेरॉक्स आपल्याकडे ठेवा. मुख्याध्यापकांची बदली झाली की नवे साहेब पहिल्यांदा तेच मागतात.